मांडीवरून अंगणवाडीत



मृगाच्या सरी पडून गेल्या, शाळा उघडल्या, की आपल्या कोकणात वाडीवाडीवर एक देखावा हमखास दिसतो. बालवाडीच्या किंवा अंगणवाडीच्या दारात तीन वर्षांचे पोर आईचा पदर गच्च धरून रडत असते. बाई त्याला हळूच उचलून आत नेतात. आई पाठ फिरवते, चार पावले चालते आणि भिंतीच्या आडोशाला उभी राहते. आतले रडणे थांबेपर्यंत तिचा पाय निघत नाही. रडणे थांबले तर वाटते, दमून थांबले असेल. नाही थांबले तर वाटते, काय ही आपली निर्दयता! घरी यावे तो शेजारची कुणीतरी विचारतेच, "एवढ्याशा पोराला आत्तापासून कशाला गं टाकलंस?" हा 'टाकलंस' शब्द मोठा बोचरा आहे. थोरल्या मुलाला आपण शाळेत 'घालतो', धाकट्याला मात्र बालवाडीत 'टाकतो'. आपल्या बोलीनेच आईवर ठपका ठेवलेला आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. बालकांचे मन हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी बालवाडीत जाऊ लागली तेव्हा त्या भिंतीच्या आड मीही उभा होतो. माझी पत्नी तालुक्याच्या गावी नोकरी करते. तिला सकाळची एस.टी. गाठायची असते. म्हणून मुलीला पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. तिचे रडणे ऐकताना माझ्या मनात जो प्रश्न आला तो इतिहासाच्या माणसाचाच होता. हे अपराधीपण फार जुने आहे काय? आपल्या आज्या-पणज्यांना असे वाटत होते काय? आणि वाटत असेल तर त्या त्याचे काय करीत होत्या? ह्या प्रश्नांचा जो काही माग मला लागला, तो आज आपल्यापुढे मांडतो.

आपण सहज म्हणतो की पूर्वी मुले आईच्या मांडीवर वाढत. हे खरे आहे, पण अर्धेच. जुन्या घरात आईची मांडी मोकळी असे कधी? पहाटेचे जाते, विहिरीचे पाणी, गोठा, दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक आणि शेताची कामे ह्यांत तिचा दिवस सरे. मूल असे आजीकडे, आत्याकडे, मोठ्या जावेकडे, आणि सर्वांत जास्त वेळ असे ते थोरल्या बहिणीच्या कडेवर. सात-आठ वर्षांची पोर आणि तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे भावंड, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. लावणीच्या दिवसांत तर तान्हे मूल बांधावरच्या झाडाला झोळी बांधून तीत निजवीत, वरून पाऊस लागू नये म्हणून इरले झाकीत, आणि आई गुडघाभर चिखलात उतरे. तेव्हा मूल आईपासून दूर होत होते, ते आजच होऊ लागले असे नव्हे. मात्र दूर होऊनही ते घराच्या, वाडीच्या नजरेत राही, आणि ते कुणाकडे आहे ह्याचा हिशोब आईला एकटीला द्यावा लागत नसे.

दुसरी गोष्ट मला मुंजीत दिसली. ज्या घरांतून मुंज होई, त्या घरांतला मुलगा आठव्या वर्षी गुरूच्या घरी जायचा, असा मूळ संकेत. पुढे पुढे प्रत्यक्ष जाणे उरले नाही, पण विधी राहिले. त्यांत मातृभोजन नावाचा एक विधी आहे. त्या दिवशी मुलगा आईच्या ताटात तिच्याबरोबर शेवटचे जेवतो. त्यानंतर भिक्षावळीच्या वेळी तो पहिली भिक्षा मागतो ती आईकडेच. मातृभोजनाच्या वेळी आईचे डोळे भरून येतात आणि सारा मांडव ते बघतो. कुणी तिला वेडी म्हणत नाही, कुणी दोषही देत नाही. मूल हातचे सुटताना आईला दुःख होणार हे समाजाने धरून चालले होते, आणि त्या दुःखासाठी एक पाट मांडून ठेवला होता.

ह्या सोहळ्याची थोरवी मी फार सांगत नाही. तो काही जातींपुरता होता, आणि मुलग्यांपुरता. त्याच घरांतल्या मुली नऊ-दहा वर्षांच्या वयात बोहल्यावर चढत. मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. शिवाय आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांचे पोर ह्यांत पुष्कळ अंतर आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की त्या काळी आई रडे ती मांडवात, चारचौघांत. आज ती भिंतीआड एकटी रडते.

हा एकटेपणा आला कसा? त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचा ओघ तिकडे लागला. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. तो वेगळा झाला १९८१ साली. बहुतेक पुरुष एकटे जात, बायका-मुले गावी राहात आणि घर मनिऑर्डरीवर चाले. परंतु काही बायकाही मुंबईला गेल्या आणि गिरणीत कामाला लागल्या. तिथे चाळीतल्या खोलीत ना आजी, ना आत्या, ना बांधावरची झोळी. दहा-दहा तासांची पाळी. तान्ह्या मुलाचे काय करायचे?

ह्या प्रश्नाचे जे उत्तर पुष्कळ आयांना सापडले, ते ऐकून आज अंगावर काटा येतो. मुलाला अफूची बारीक गोळी देत. तिला बाळगोळी म्हणत. गोळीने मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई कामावर जाई. १९२१-२२ साली मुंबई सरकारने गिरणीतल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम डॉ. बार्न्स नावाच्या बाईंकडे सोपवले होते. पुढे १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशननेही हिंदुस्थानातल्या मजुरांची चौकशी करून १९३१ साली अहवाल दिला. ह्या चौकशांतून हा अफूचा प्रकार सरकारदरबारी नोंदला गेला. त्या आया दुष्ट होत्या काय? मुळीच नाही. मूल रडत राहिले तर काम जाणार, काम गेले तर चूल बंद पडणार, असा तो पेच होता. पण दोष ठेवणाऱ्याला आई समोर दिसते, तिच्या मागची गिरणी दिसत नाही.

ज्यांना ती गिरणी दिसली, अशीही माणसे होती. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात रजा आणि भत्ता मिळावा असे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या मंडळाचे सभासद होते. त्यांचे मूळ गाव आपल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ज्या कारखान्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील, तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला गेला. कायदा कागदावर राहण्याची उदाहरणे पुष्कळ घडली, ते खरे. तरी एक गोष्ट त्यातून मान्य झाली. मूल कुणाच्या हाती सोपवायचे, हा प्रश्न आईचा खासगी प्रश्न राहिला नाही; तो सगळ्यांचा झाला.

आता जरा परदेशाकडे वळू. लहान मुलांच्या शाळा ही श्रीमंतांची हौस, असा आपल्याकडे एक समज आहे. इतिहास त्याच्या उलट सांगतो. १९०७ सालच्या जानेवारीत इटलीतल्या रोम शहरात, सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी पहिले 'बालगृह' उघडले. त्या वस्तीतल्या चाळी एका गृहसंस्थेने दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामाला जात, मागे राहिलेली पोरे जिन्यांत धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत. ह्या पोरांना एका खोलीत सांभाळावे, म्हणजे भिंती तरी वाचतील, एवढाच त्या संस्थेचा हेतू! डॉक्टरीणबाईंनी मात्र त्या खोलीत पोरांकडे नीट पाहिले. छोटी टेबले, छोट्या खुर्च्या, हाताने करण्याची कामे दिली, आणि तीन-चार वर्षांची मुले किती एकाग्र होऊ शकतात हे जगाला दाखवले.

ह्या बाईंच्या आयुष्यात एक मोठे दुःख होते. त्यांना विवाहाबाहेर एक मुलगा झाला होता, मारिओ. जन्म १८९८ चा. त्या काळच्या समाजात असे मूल उघडपणे वाढवले असते तर त्यांचे सारे काम बंद पडले असते. म्हणून मारिओला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवले. आई अधूनमधून भेटे, पण ओळख देत नसे. तो पंधरा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्यांनी त्याला आपल्याजवळ आणले, आणि पुढेही बरीच वर्षे लोकांत त्याची ओळख 'भाचा' अशी करून दिली. दुसऱ्यांच्या मुलांचे घर ज्या बाईने उभारले, तिचे स्वतःचे मूल परक्या घरी वाढले. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मॉन्टेसरीबाई मद्रासला आल्या, त्या मारिओला बरोबर घेऊनच. १९४० साली इटली युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारने मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत ठेवले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी, ऑगस्ट १९४० मध्ये, त्याची सुटका झाली; आणि सरकारने त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा म्हणूनच केला. मायलेकांनी पुढे हिंदुस्थानात हजाराहून अधिक शिक्षकांना शिकवले. मी त्या बाईंना दोष देणार नाही आणि त्यांची सफाईही देणार नाही. मूल दूर ठेवण्याचे दुःख सगळ्यांत जाणत्या बाईलाही चुकले नाही, एवढे मात्र त्यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

आपल्या देशात हे काम रुजवण्यात एका बापाचा हात मोठा आहे. गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि ह्याला आपण ज्या शाळेत मार खाल्ला तसल्याच शाळेत घालायचे काय, ह्या विचाराने ते अस्वस्थ झाले. मॉन्टेसरीबाईंचे लेखन त्यांच्या वाचनात आले. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. मुलांत ते इतके रमत की लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणू लागले. त्यांच्याकडे येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयात काम केलेल्या. गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

परंतु दादरची मुले म्हणजे सगळी मुले नव्हेत, हे ताराबाईंना टोचत होते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म मोरगावचा, १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. अशा मुलीने शिकून शिक्षिका व्हावे आणि जन्मभर इतरांच्या मुलांची नाके पुसावीत, हीच मुळात इतिहासाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

बोर्डीला त्यांना पहिला धडा मिळाला. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या वस्तीतली मुले येईनात. आया पाठवीनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? अडाणी लोक, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. ह्या दोघींनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. सामान घेऊन त्या वस्तीत गेल्या आणि एखाद्या घरापुढच्या अंगणातच मुलांना गोळा करून बसल्या. तिथेच त्यांची नखे काढायची, हातपाय धुवायचे, गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी बनावटीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, खडे, बिया, पाने, फुले ही साधने केली. आई घरात काम करता करता हे सगळे बघे. आपल्या मुलाला परकी बाई कशी हाताळते, हे तिला आपल्याच उंबऱ्यावरून दिसे. ह्या अंगणातल्या शाळेला नाव मिळाले 'अंगणवाडी'.

श्रोतेहो, आज सबंध देश हा शब्द वापरतो. पण त्याच्या मुळाशी काय होते ते विसरू नये. आईचा विश्वास बसायचा तर तिच्या डोळ्यांदेखत काम झाले पाहिजे, ही ती गोष्ट.

दुसरा धडा कोसबाडला मिळाला. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तिथे शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत ना. का? तर त्यांच्या कडेवर धाकटे भावंड! आईबाप मजुरीला गेले की त्याला सांभाळणार कोण? मघाशी मी त्या कडेवरच्या चित्राचा उल्लेख केला. आपण त्याकडे मोठ्या कौतुकाने पाहतो. पण त्या सात वर्षांच्या मुलीच्या बाजूने ते पाहा. तिचे बालपण त्या ओझ्याखाली गेले. कोसबाडच्या बायांनी ते पाहिले आणि पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. मधूनच जाऊन ती भावंडाला बघून येऊ शके. ह्या योजनेला विकासवाडी म्हणत. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरे, तिचे नाव कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ साली वारल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्या १९९२ पर्यंत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. ३३ ठिकाणांपासून निघालेल्या त्या योजनेच्या आज देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत.

मग इतके सगळे झाल्यावरही आईच्या मनातले अपराधीपण का जात नाही? माझ्या मते त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, घर लहान झाले. पूर्वी मुलाला दहा हात होते, आता दोन-चार उरले. हात कमी झाले, पण 'आईनेच सगळे करावे' ही अपेक्षा कमी झाली नाही, उलट वाढली.

दुसरे कारण शास्त्राच्या नावाने आले. १९५१ साली जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईच्या मायेला मुकलेल्या मुलांच्या मनावर खोल परिणाम होतात, असे त्यात दाखवले होते. ते काम मोलाचे होते. परंतु त्यांनी विचार केला होता तो मुख्यतः युद्धात घर गमावलेल्या, अनाथालयांत आणि इस्पितळांत महिनोन् महिने राहिलेल्या मुलांचा. लोकांनी त्याचा अर्थ घेतला असा, की मुलाला चार तास दुसऱ्याकडे ठेवले तरी त्याचे वाटोळे होते! पुढे १९९१ पासून अमेरिकेत तेराशेहून अधिक मुलांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तीत आढळले, की नुसते दुसऱ्याकडे ठेवल्याने मुलाची आईवरची माया तुटत नाही. सांभाळ चांगला आहे की वाईट, ह्याने फरक पडतो, आणि घरच्या वागण्याने त्याहून जास्त पडतो. फार तास ठेवलेल्या मुलांत थोडा हूडपणा अधिक दिसला, हेही त्यात नोंदले आहे. तेव्हा 'काहीच होत नाही' असे म्हणू नये, आणि 'सगळे नासते' असेही म्हणू नये.

तिसरे कारण सगळ्यांत साधे. हा प्रश्न आपण फक्त आईला विचारतो. माझ्या मुलीला बालवाडीत मी पोचवतो. पण शेजारणीने 'टाकलंस' म्हटले ते माझ्या पत्नीला. मला कुणी काही म्हटले नाही. उलट 'सर किती हौसेने मुलीला नेतात' असे कौतुक झाले!

त्या पहिल्या दिवशी मी घरी आलो तेव्हा माझी आई पडवीत बसली होती. तिचे गुडघे धरलेले, तीन वर्षांच्या पोरीमागे तिला धावता येत नाही. मला वाटले, आता ती म्हणणार, आमच्या वेळी नव्हती असली थेरे. तिने विचारले, "रडली का रे फार?"

"हो, बरीच रडली."

"तूही रडायचास," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली. माझा जन्म १९८१ चा. वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो मिटल्यासारखा कधी झालाच नाही, आणि वडील गावी परत आले. मनिऑर्डर बंद झाली. आमच्या वाडीत तेव्हा अंगणवाडी आलेली नव्हती.

"आषाढात लावणी लागली की माणूस मिळायचं नाही," आई सांगू लागली. "तुझे वडील जोतावर, मी लावणीत, तुझी आजी अंथरुणाला खिळलेली. मग तुझ्या कमरेला जुन्या लुगड्याचा धडपा बांधायची नि दुसरं टोक पडवीच्या खांबाला. पुढ्यात भाताची वाटी ठेवायची. शेतात तुझं रडणं ऐकू यायचं. ऐकू यायचं थांबलं की जास्त भीती वाटायची. एकदा तुझ्या कमरेला वळ उठला होता. तो मी कुणाला दाखवला नाही बाबा."

मी आजवर कमिशनांचे अहवाल वाचले, मुलांना शिकवले. पण माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या आईच्या पोटात, चाळीस वर्षे ही गोष्ट पडून होती, हे मला ठाऊक नव्हते. मी तिला म्हटले, "आई, मला तर काही आठवत नाही." ती म्हणाली, "तुला नाही, मला आठवतं." मग तिने विचारले, "तिथल्या बाई मारतात का रे?" मी म्हटले, "नाही. रडली की उचलून घेतात." "मग बरं," आई म्हणाली, "खांबापेक्षा बाई बरी."

श्रोतेहो, एवढे सगळे वाचून मी ज्या निष्कर्षाला आलो, तो माझ्या आईने चार शब्दांत सांगितला. मूल आईच्या हातून थोडा वेळ दुसऱ्या हाती जाणार, हे कुठल्याच काळात चुकलेले नाही. कधी ते आजीच्या हाती गेले, कधी लहानग्या बहिणीच्या, कधी अफूच्या, कधी खांबाच्या. म्हणून 'सोडले का?' हा प्रश्न आईला विचारू नये. 'कुणाच्या हाती सोडले?' हा प्रश्न विचारावा, आणि तो आईबरोबर बापाने, गावाने आणि सरकारनेही स्वतःला विचारावा.

आईबापांनी बालवाडी पाहताना भिंतीवरची चित्रे पाहू नयेत. बाईंच्या वाट्याला मुले किती, पिण्याचे पाणी कसे, दार रस्त्यावर उघडते की अंगणात, आणि रडणाऱ्या मुलाला बाई जवळ घेतात की दटावतात, ते पाहावे. मुलाची नजर चुकवून पळू नये. 'मी जाते, अमुक वेळेला येते' असे सांगून जावे आणि त्या वेळेला खरेच यावे. मूल चार-सहा आठवड्यांनीही खात-पीत नसेल, झोपेत दचकत असेल, तर त्याचे ऐकावे आणि खुशाल काही महिने थांबावे. मनातली टोचणी दर वेळी खोटी नसते. कधी कधी ती खरी सूचना देते. ती कोणती, हे शांतपणे पाहिले की कळते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, की दारात रेंगाळणाऱ्या आईला 'तुम्हीच लाडावून ठेवलंय' असे म्हणू नका. पहिले चार दिवस तिला आत बसू द्या. अंगणवाडीचा जन्म आईच्या डोळ्यांसमोर झाला, हे आठवा. आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नका. त्याला माती, पाणी, शिंपले आणि गाणी पुरेशी आहेत. गावकऱ्यांना म्हणेन, मंदिराच्या सभामंडपाची वर्गणी जशी गोळा होते, तशीच अंगणवाडीच्या गळक्या छपरासाठीही होऊ द्या. तिथल्या सेविका आणि मदतनीस ह्यांना मान द्या. आपल्या घरातले हात कमी झाले, त्यांची जागा त्या भरून काढीत आहेत.

माझी मुलगी तिसऱ्या आठवड्यात रडायची थांबली. आता ती दारातूनच आत पळते. आई मात्र संध्याकाळी मला अजून विचारते, "आज रडली का रे?" मी नाही म्हणतो. मग ती माझ्या पत्नीसाठी चहा टाकायला उठते.